कॅसेट खराब नव्हती

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिजिटल कॅमेरे सर्वत्र होईपर्यंत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत लग्न, मुंज, बारसे आणि साठीशांत यांची जी चित्रणे झाली, त्यांपैकी बहुतेक व्हीएचएस पद्धतीच्या कॅसेटवर आहेत. आणि त्या कॅसेटच्या वयापेक्षाही, त्या ‘डिस्कवर करून देतो’ असे सांगून त्यांचे जे केले जाते ते अधिक काळजीचे आहे. जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ मध्ये आणलेली ही पद्धत अर्धा इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र आणि आवाज नोंदवते. भारतात १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले, त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या व्हीसीपीबरोबर, म्हणजे कॅसेट लावून दाखवणाऱ्या यंत्राबरोबर, ती घरोघर पोहोचली. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यावर नवे यंत्र विकत मिळणेच संपले. परिणामी, कॅसेट ज्याच्या मालकीची आहे त्याच्याकडे ती लावून पाहण्याचे साधन उरलेले नाही आणि तिच्यात काय आहे, काय नाही, याबाबत दुकानदाराचा शब्द हाच शेवटचा मानावा लागतो. तो शब्द बहुतेक वेळा एकच असतो: कॅसेटच खराब आहे. हा निर्णय एका यंत्रावर, एका बैठकीत देता येत नाही आणि तो दिला गेला तर मानू नये, हे तांत्रिक कारणांसह दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

या विवेचनामागे प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातील एक प्रकरण आहे. घरातील तीन कॅसेट पुण्यातील एका दुकानात रूपांतरासाठी देण्यात आल्या आणि त्यांच्यासोबत एक चिठ्ठी देण्यात आली, जिच्यावर तीनच सूचना होत्या: मूळ आवाज कायम ठेवावा, काहीही कापू नये, प्रत्येक कॅसेटची डिस्क वेगळी करावी. या चिठ्ठीची प्रत घरी ठेवलेली होती, हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढे दुकानदाराने अशी कोणतीही सूचना मिळाल्याचे नाकारले. हाती आली ती एकच डिस्क. तिच्या आरंभी गुलाबाच्या पाकळ्या गळत असल्याचे संगणकीय दृश्य होते, खालच्या कडेने दुकानाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक सतत सरकत होता, माणसे आडवी ताणल्यामुळे ठेंगणी आणि रुंद दिसत होती, आणि लग्नाच्या संपूर्ण भागावर हिंदी चित्रपटगीते चढवलेली होती. जेथे एक गीत संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी काही क्षणांचे अंतर राहिले होते तेथे पूर्ण शांतता होती.

या लग्नाच्या कॅसेटचे महत्त्व एका गोष्टीत होते. लेखकाच्या आजीने दोन्ही घरांतील माणसांची नावे गुंफून स्वतः रचलेली मंगलाष्टके त्या मांडवात म्हटली होती. ज्या वहीत ती लिहिलेली होती ती वही पुढे हरवली आणि आजीच्या आवाजाचे दुसरे कोणतेही ध्वनिमुद्रण अस्तित्वात नाही. त्या काळातील व्हिडिओवाले ‘मिक्सिंग’ करताना, म्हणजे मूळ चित्रणावरून नावे, नक्षी आणि गाणी घालून अंतिम कॅसेट तयार करताना, बहुतेक भागांवर गाणी घालत असत; परंतु या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांचा भाग मूळ आवाजासह ठेवलेला होता, हे ती पूर्वी अनेकदा पाहिलेल्या सर्वांना ठाऊक होते. डिस्कवर त्या जागी चित्रपटगीत होते.

विचारणा केल्यावर मिळालेली उत्तरे जशीच्या तशी नोंदवण्यासारखी आहेत. पहिले उत्तर होते, “कॅसेट खराब होती, आवाज नव्हताच, म्हणून गाणी टाकून दिली.” आवाज होता, असे सांगितल्यावर दुसरे उत्तर आले, “तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमधून आणखी काय निघणार?” चिठ्ठी दाखवल्यावर तिसरे उत्तर आले, “बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना गाणी आवडतात, तुम्हीच पहिले तक्रार करणारे.” या तीन उत्तरांत परस्परविसंगती आहे, कारण आवाज नसल्यामुळे गाणी घातली असतील तर ती आवडण्याचा प्रश्न येत नाही, आणि आवडतात म्हणून घातली असतील तर आवाज नव्हता हे कारण खोटे ठरते. दुकानदाराने कॅसेट परत देताना त्या ‘आता टाकून द्या, काही उपयोग नाही’ असाही सल्ला दिला. तो मानला गेला असता तर पुढील काहीच शक्य झाले नसते, आणि असा सल्ला मानून किती घरांनी आपल्या कॅसेट भंगारात घातल्या असतील याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

एका नातेवाइकांच्या माळ्यावरील व्हीसीआर दुरुस्त करून घेऊन तीच कॅसेट त्यावर लावण्यात आली आणि यंत्र थेट दूरदर्शन संचाला जोडण्यात आले. सुरुवातीला चित्रावर पांढरे पट्टे आले; ट्रॅकिंगचे बटण थोडे फिरवल्यावर ते खाली सरकून नाहीसे झाले आणि आवाज आला. मांडवातील गडबड, भांड्यांचा आवाज, कुणीतरी अक्षतांसाठी मारलेली हाक आणि त्यावरून स्पष्ट, किंचित थरथरता आजीचा आवाज, पहिल्या ओळीपासून ‘सावधान’पर्यंत. ज्या कॅसेटवर ‘आवाज नव्हताच’ असे छातीठोकपणे सांगितले गेले होते, तिच्यातील एकही शब्द गेलेला नव्हता. तेव्हाच डिस्कवरील त्या पूर्ण शांततेचा अर्थही लागला. ध्वनिपट्टा खरोखर कोरा झालेला असला तरी फीत फिरताना तिच्यातून बारीक खरखर ऐकू येते. डिस्कवर खरखरही नव्हती, याचा अर्थ आवाजाची तार संगणकाला जोडलीच गेली नव्हती किंवा ध्वनी नोंदवण्याची सोय बंद ठेवण्यात आली होती. दोष फितीत नव्हता, दोष ज्याने काम घेतले त्याच्या निष्काळजीपणात होता आणि तो झाकण्यासाठी गाणी घालण्यात आली होती.

एका यंत्रावर खराब दिसणारी कॅसेट दुसऱ्या यंत्रावर व्यवस्थित का दिसते, हे समजून घेण्यासाठी नोंदीची पद्धत पाहावी लागते. व्हीएचएस यंत्रात वाचनमुंड्या, ज्यांना व्यवहारात ‘हेड’ म्हणतात, एका फिरत्या पिपावर बसवलेल्या असतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत हे पीप मिनिटाला १५०० फेरे घेते आणि सेकंदाला सुमारे २३.४ मिलिमीटर वेगाने पुढे सरकणाऱ्या फितीवर तिरक्या रेषा ओढते. अशा प्रत्येक रेषेची रुंदी नेहमीच्या वेगात केवळ ०.०४९ मिलिमीटर असते आणि तीत अर्धे चित्र साठवलेले असते. वाचणाऱ्या यंत्रातील फितीचा मार्ग नोंदवणाऱ्या यंत्राच्या मार्गाशी अगदी थोडा जरी जुळला नाही, तरी हेड दोन रेषांच्या मधोमध धावतो आणि पडद्यावर पट्टे दिसतात. आवाजाचा पट्टा वेगळा, फितीच्या वरच्या कडेला सरळ लांबीत असतो, आणि तो वाचणाऱ्या मुंडीचा कोन बिघडला असल्यास आवाज दबलेला ऐकू येतो. म्हणजे ‘कॅसेट खराब आहे’ या विधानाचा प्रामाणिक अर्थ बहुतेक वेळा ‘या यंत्राचे या कॅसेटशी जमले नाही’ एवढाच असतो, आणि किमान दोन यंत्रांवर, हेड साफ करून आणि ट्रॅकिंग हाताने फिरवून पाहिल्याशिवाय ते उच्चारण्याचा कोणालाही अधिकार नाही.

दुकानातून मिळालेल्या डिस्कची तपासणी घरच्या संगणकावर करता येते आणि ती प्रत्येकाने करावी. मीडियाइन्फो हा विनामूल्य प्रोग्रॅम कोणत्याही चित्रफाइलची मोजमापे, वेग आणि कालावधी दाखवतो. वरील डिस्कची मोजमापे ३५२ बाय २८८ बिंदू अशी निघाली, जी जुन्या व्हीसीडीची आहेत. पाल पद्धतीच्या डीव्हीडीचे पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते, म्हणजे उपलब्ध बिंदूंपैकी सुमारे पाऊण भाग आधीच टाकून देण्यात आला होता. त्यातही अधिक हानिकारक गोष्ट अशी की व्हीएचएसचे चित्र ‘इंटरलेस्ड’ असते, म्हणजे सम आणि विषम ओळींची दोन अर्धचित्रे एकामागून एक, सेकंदाला ५० या गतीने येतात. २८८ ओळींवर उतरवताना त्यांतील एक अर्धचित्र सरळ फेकले जाते, त्यामुळे हालचाल अडखळते आणि ते पुन्हा कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. तिन्ही कॅसेट एका डिस्कवर कोंबण्याचा परिणामही आकड्यांत सांगता येतो. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. दोन तासांच्या चित्रणाला त्यातून सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळतात, जे व्हीएचएससाठी पुरेसे आहेत, तर सहा तास भरले की वाट्याला पावणेदोन मेगाबिटच्या आतबाहेर येतात आणि चेहऱ्यांवर चौकोनी ठिपके उमटतात. कोऱ्या डिस्कची किंमत लक्षात घेता ही काटकसर कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही.

यावरून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: डिस्क ही पाहण्यासाठीची प्रत आहे, जतनाची नाही. जतनाची वस्तू म्हणजे मूळ कॅसेट आणि तिच्यावरून संगणकात पूर्ण दर्जाने घेतलेली फाइल. या दोन्ही हातात असल्याखेरीज काम पूर्ण झाले असे समजू नये.

घरी हे काम करू इच्छिणाऱ्याने सुरुवात कॅसेटच्या पाहणीने करावी. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरट किंवा राखाडी भुकटीसारखे डाग दिसल्यास ती बुरशी आहे, आणि मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत ती फार आढळते. अशी कॅसेट कोणत्याही परिस्थितीत यंत्रात घालू नये, कारण बुरशी हेडवर बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटवर पसरते. प्रथम ती कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून वाळवावी आणि साफसफाई जाणकाराकडून करून घ्यावी. नाकावर मास्क न लावता ती उघडणे आरोग्यासही घातक आहे. कॅसेटच्या कण्यावर डावीकडे जी लहान प्लास्टिकची पट्टी असते ती शाबूत असल्यास मोडून टाकावी, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी जुन्या चित्रणावर नवीन मुद्रण होणार नाही. दुकानात देण्यापूर्वी तर हे करावेच. फीत अनेक वर्षे एकाच ताणाखाली राहिलेली असल्याने कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यावी, आणि हा प्रयोग कमी महत्त्वाच्या कॅसेटवर यंत्राची खात्री झाल्यानंतरच करावा, कारण जुन्या यंत्रातील कडक झालेले रबरी रोलर फीत ओढून गुंतवतात.

हेड साफ करताना शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे आणि त्यात भिजवलेले तंतू न सुटणारे कापड किंवा चामडे पिपाला टेकवून धरून पीप हाताने आडवे फिरवावे. वर-खाली घासल्यास हेडचे नाजूक टोक तुटते आणि यंत्र निकामी होते. कापसाच्या काड्या येथे वापरू नयेत.

यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये ‘कॅप्चर’ उपकरण लागते, जे व्हीसीआरमधून येणाऱ्या सलग विद्युत संकेताचे आकड्यांत रूपांतर करते. बाजारात मिळणाऱ्या अत्यंत स्वस्त, नाव नसलेल्या उपकरणांविषयी सावध राहावे, कारण एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांत वेगवेगळ्या चिप असतात, विकणाऱ्यालाच त्यांचा पत्ता नसतो, आणि चित्र व आवाज यांच्यातील अंतर तासाभरात ओठांच्या हालचालीला न जुळण्याइतके वाढते. व्हीसीआरवर एस-व्हिडिओ या गोल, अनेक काड्यांच्या जोडणीची सोय असल्यास ती वापरावी, नसल्यास पिवळ्या पिनेची तार चालते. मात्र आवाजाची पांढरी आणि लाल पिन जोडली आहे आणि संगणकावर आवाजाची पट्टी हलत आहे, हे नोंद सुरू करण्यापूर्वी पाहावे. वरील प्रकरणात दुकानाने एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

जुन्या फितीतून येणाऱ्या ओळी अगदी ठरलेल्या क्षणी सुरू होत नाहीत. काही किंचित आधी, काही उशिरा येतात, त्यामुळे उभ्या कडा लाटेसारख्या हलतात आणि कॅप्चर उपकरण मधली चित्रे गाळते. ही अनियमितता सुधारणाऱ्या यंत्रणेला ‘टाइम बेस करेक्टर’ म्हणतात. ती काही उत्तम एस-व्हीएचएस यंत्रांत अंगचीच असते. ती नसेल तर काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून संकेत केवळ आरपार नेल्यानेही बराच फरक पडतो. पैसे खर्च करायचे असतील तर ते संगणकावर नव्हे, येथे करावेत. चित्राच्या अगदी तळाशी जो फाटल्यासारखा पातळ पट्टा दिसतो तो मात्र दोष नव्हे. एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याच्या क्षणाचा तो परिणाम आहे, जुन्या दूरदर्शन संचांच्या चौकटीआड तो झाकला जात असे, आणि तो दाखवून कॅसेट खराब असल्याचे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नोंद घेण्यासाठी व्हर्च्युअलडब हा विनामूल्य प्रोग्रॅम जुना असला तरी भरवशाचा आहे, कारण तो किती चित्रे गळाली याचा आकडा समोर दाखवतो. मापे ७२० बाय ५७६, गती सेकंदाला २५ चित्रे, आणि इंटरलेस्ड स्वरूप जसेच्या तसे ठेवावे. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट मात्र एनटीएससी या निराळ्या पद्धतीच्या असतात, ज्यात ओळी ५२५ आणि चित्रे सेकंदाला सुमारे ३० असतात. त्यांना ती पद्धत वाचणारे यंत्र आणि वेगळी मापे लागतात. संकोचनासाठी, म्हणजे फाइलचा आकार कमी करण्यासाठी, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ अशी काहीही न गाळणारी पद्धत निवडावी. एफएफव्ही१ अभिलेखागारांतही वापरली जाते. एका तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, म्हणून मोठी हार्ड डिस्क हाताशी ठेवावी आणि ती एनटीएफएस स्वरूपात असावी, कारण जुन्या फॅट३२ स्वरूपात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि नोंद मध्येच तुटते. नोंद चालू असताना संगणकावर दुसरे कोणतेही काम करू नये.

मिनी डीव्ही नावाच्या लहान कॅसेटवरील नोंद मुळातच डिजिटल असते. तिच्यासाठी हे रूपांतर करावे लागत नाही. फायरवायर जोडणीने ती एका तासाला सुमारे १३ जीबी या आकारात तंतोतंत उतरते. पिवळ्या पिनेने ती उतरवून देणारा दुकानदार विनाकारण दर्जा घालवत असतो.

पूर्ण फाइल तयार झाल्यावर तिच्यावरून डिस्क करावी. डीव्हीडीसाठी एमपेग-२ ही पद्धत लागते; एका डिस्कवर दोन तासांहून अधिक भरू नये, चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे, आणि प्रत संथ गतीने लिहून नंतर पडताळणीचा पर्याय वापरावा. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात साठते आणि तो थर ऊन व उष्णतेने बिघडतो, म्हणून डिस्क त्यांपासून दूर ठेवाव्यात; त्यांवर चिकट लेबले लावू नयेत, पाण्याच्या शाईचे पेन वापरावे, आणि मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवावी. कॅसेट उभ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात. सर्व गोष्टींवर तारीख आणि नावे लिहून ठेवावीत.

ज्यांना हे घरी करणे शक्य नाही त्यांनी दुकानात जावे, परंतु पुढील अटींवर. प्रथम एकच कॅसेट द्यावी, आणि तीही सर्वांत मौल्यवान नसावी. सूचना लेखी द्याव्यात आणि त्यांवर दुकानदाराची सही घ्यावी. बिल अवश्य घ्यावे, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करायची झाल्यास तोच पुरावा ठरतो आणि तोंडी आश्वासनांची कोणी दखल घेत नाही. केवळ डिस्क न मागता हार्ड डिस्क देऊन मूळ फाइलही मागावी. ती देण्यास जो नकार देतो त्याच्याकडे बहुधा ती नसतेच. पूर्ण रक्कम काम तपासल्यानंतर द्यावी. वरील प्रकरणात रक्कम आगाऊ घेतली गेली होती आणि तिच्यातील एक रुपयाही परत मिळालेला नाही, दिलगिरीचा एक शब्दही नाही.

कामाचा क्रमही ठरवून घ्यावा, कारण चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करू शकणारे कारागीर दोन्ही कमी होत चालले आहेत. ज्या कॅसेटची दुसरी प्रत कोणत्याही नातेवाइकाकडे नाही आणि जिच्यात आता हयात नसलेल्या माणसाचा आवाज आहे, ती सर्वांत आधी घ्यावी. प्रवासाची आणि दूरदर्शनवरून उतरवलेल्या कार्यक्रमांची चित्रणे नंतर पाहता येतील. आणि कोणीही, कितीही अनुभवाचा दाखला देऊन, कॅसेट खराब असल्याचे सांगितले, तर तिच्या मालकाने तीन प्रश्न विचारावेत: ती किती यंत्रांवर लावून पाहिली, हेड साफ करून पाहिली का, आणि आवाजाची तार जोडलेली होती का. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर कॅसेट तेथून उचलून घरी आणावी.